अंगावर नको!

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. काठाला पोचा आलाय, बूड काळं पडलंय, पण अजून कुठून गळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. या घरात मी वर्षानुवर्षं दूध तापवलं. "असा टोप आता मिळायचा नाही," असं आजी येईल-जाईल त्याला सांगायची. मग चकचकीत नवी भांडी आली आणि माझी रवानगी ओट्याखाली झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी छकुलीच्या आईला सडकून सर्दी झाली आणि वाफ घ्यायला पुन्हा माझीच आठवण झाली. छकुली तेव्हा तान्ही, अंगावर पिणारी. बाबांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मिक्सरच्या घरघरीत त्यांनी काय ऐकलं कोण जाणे! फोन ठेवून म्हणाले, "अंगावर नको म्हणाल्या."

झालं! आजीने छकुलीला उचललं आणि बाटली पुढे केली. छकुली कसली ऐकते? तोंड फिरवून तिने घर डोक्यावर घेतलं. इकडे आईची छाती दुधाने दगडासारखी झाली. माझ्यावर वाकून ती वाफ घेत होती की रडत होती, मला कळेना. "माझं दूध आटलं तर?" एवढंच पुटपुटली. माझा जीव तीळतीळ तुटला.

शेवटी तिने स्वतःच फोन लावला, चांगला स्पीकरवर.

"अहो, सर्दी अंगावर काढू नका म्हणाले मी!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "बाळाला पाजू नका असं कधी म्हणाले? उलट पाजाच. दुधातून सर्दी जात नाही, सर्दीशी लढायचं बळ जातं. हात धुवा, मास्क लावा, भरपूर पाणी प्या. आणि मला विचारल्याशिवाय सर्दीची गोळी नको, काही गोळ्यांनी दूध कमी होतं."

"तोडलेस ना तारे!" आजी बाबांवर डाफरली. माझ्यात उकळतं पाणी, म्हणून तिने आधी मला लांब सरकवलं. आईने हात धुतले, मास्क लावला आणि छकुलीला मांडीवर घेतलं. पोर अशी तुटून पडली की घटाघट आवाज माझ्यापर्यंत आला. आई मास्कआडून हसली, शिंकली, पुन्हा हसली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं मागणं तर आहेच. पण घरात आई आजारी पडली, तर अर्धवट ऐकून तिला बाळापासून तोडू नका. तुम्ही तिची काळजी घ्या. बाळाची ती घेईल.