पुढे असेल तो ठरवेल

कप्तानाची जिरवायची, एवढ्या एकाच कारणासाठी धाकटी त्या डोंगरमंडळात गेली. मोकळी हवा, वाढलेलं वजन, निसर्गाची ओढ असली कारणं तिने नाव नोंदवताना सांगितली, आणि सांगता सांगता तिचं तिलाच हसू आलं. डोंगराशी तिचं काडीचं देणंघेणं नव्हतं. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात आठवडाभर लोकांची हाडं बघायची आणि रविवारी लोळत पेपर वाचायचा, एवढीच तिची सुट्टीची कल्पना होती. पण कप्तानाने तिच्या ताईला रडवलं होतं, आणि ते ती सोडणार नव्हती.

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला वाढवलं तेही ताईनेच. भावजी गेल्यावर ताई धाकटीच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहायला आली. घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल, कुणाची चेन बसव. मशीनवरून उठली की स्वयंपाकघरात आणि तिथून परत मशीनवर, असं तिचं चाललं होतं. मग एके दिवशी तिच्या काय मनात आलं कोण जाणे, दर रविवारी डोंगर चढायला जाणाऱ्या मंडळात तिने नाव घातलं. कुणाला न विचारता केलेली तिच्या आयुष्यातली ती पहिलीच गोष्ट असेल. रविवारी सकाळी जिना उतरताना ती गुणगुणायची, आणि वरच्या मजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या धाकटी ते ऐकायची.

मंडळाचा म्होरक्या म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेला एक उंच, काटक माणूस. सगळे त्याला कप्तान म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. त्याचा नियम एकच: पुढे असेल तो ठरवेल. कुठे थांबायचं, किती थांबायचं, कधी उठायचं, सगळं पुढच्याने ठरवायचं. ऐकायला मोठा न्यायाचा नियम, फक्त पुढे कायम कप्तानच असायचा. चढ संपला की तो पाय पसरून बसायचा, पाणी प्यायचा. मागून एकेक जण येऊन टेकायचा. सगळ्यांत शेवटी ताई यायची, लालबुंद झालेली, छातीचा भाता झालेला. पाठीवरची पिशवी उतरवायला ती हात मागे नेतेय, तोच कप्तान उठून उभा. "आले सगळे? चला!" म्हणजे ज्यांना दम लागलेला नाही त्यांना विश्रांती, आणि जिला लागलाय तिला नाही. महिनोन्महिने ताईने असे न बसता डोंगर चढले. शेवटी एकदा ती म्हणाली, "पाच मिनिटं बसू द्या ना हो." त्यावर कप्तान सगळ्यांकडे बघत म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी बागेत बाकं टाकलीयेत की! तिथे बसा निवांत."

सगळे खो खो हसले. आणि काकू म्हणणारे हे गृहस्थ ताईपेक्षा चांगले दहाएक वर्षांनी मोठे होते.

ताईने हे धाकटीला एकदाच सांगितलं, तेही एका पँटची शिलाई उसवता उसवता. डोळे बाहीला पुसले आणि विषय संपवला. त्यानंतर ती रविवारीही मशीनवर बसायला लागली. जिन्यातलं गुणगुणणं बंद झालं. हळूहळू भाजी आणायलाही ती धाकटीलाच सांगू लागली. "माझ्या पायांत काही राहिलं नाही गं," म्हणायची. धाकटीने तिला बळेबळे हॉस्पिटलात नेऊन गुडघ्यांचे एक्स-रे काढले. हाडं ठणठणीत होती. दुखत होतं ते फिल्मवर दिसणाऱ्यातलं नव्हतं.

तेव्हापासून धाकटीने कप्तानावर डूख धरला. हा माणूस एकदा चारचौघांत तोंडावर आपटला की ताई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेल, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

पहिल्या रविवारी तिची पार दैना उडाली. शेवटून पहिला नंबर. ती धापा टाकत पोचली, आणि ताईने सांगितलं होतं अगदी तसंच घडलं. कप्तान उठला, पँट झटकली, "आले सगळे? चला!" धाकटी मान खाली घालून चालू लागली. राग फार आला, पण त्या रागाने पाय हलके झाले, हेही तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तिने हॉस्पिटलची लिफ्ट सोडली. एक्स-रे विभाग तळमजल्यावर आणि कॅन्टीन सगळ्यांत वर, हे आजवर तिला गैरसोयीचं वाटायचं. आता तेच कामी आलं. चहाला वर, जेवायला वर, चहा नको असला तरी वर. नर्सेस विचारायच्या, "काय हो, वरच्या मजल्यावर कुणी भेटलंय की काय?" ती म्हणायची, "भेटायचंय अजून. बघून घेणार आहे त्याला."

पावसाळा गेला, थंडी आली. धाकटी शेवटून मधे आली, मधून पुढे सरकली. कप्तान तिच्यावर खूश होता. "शाब्बास! हिच्यात जिगर आहे," असं तो दातांच्या डॉक्टरणीला आणि बेकरीवाल्याला सांगायचा. हे दोघं मंडळातले जुने, ताईवर हसलेल्यांतले. धाकटी गोड हसायची. ताई आपली कोण हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि एका रविवारी, ज्या डोंगराला एकामागून एक तीन चढ आहेत त्या डोंगरावर, ती पहिल्याच चढाला कप्तानाच्या पुढे गेली. कप्तानाला ते सहन होईना. तिला गाठायला तो अक्षरशः धावला, आणि तिथेच फसला. पहिल्या चढाला तो दुसरा आला. तो टेकतोय तोच धाकटी उठली. "चला!" दुसऱ्या चढाला तो मधे कुठेतरी होता, तिने त्याला बाटलीचं झाकणही उघडू दिलं नाही. तिसऱ्या चढाला तो सगळ्यांच्या मागून आला, ओठ पांढरे, काठीवर सगळा भार. ती उठून उभी राहिली. वर्षभर उराशी धरलेली घटका ती हीच.

"जरा पाच मिनिटं," कप्तान म्हणाला.

"पुढे असेल तो ठरवेल ना, कप्तान?" धाकटी सगळ्यांकडे बघत म्हणाली. "बागेत बाकं टाकलीयेत की तुमच्यासाठी. तिथे बसा निवांत."

सगळे खो खो हसले. डॉक्टरीण हसली, बेकरीवाला तर मांडीवर थाप मारून हसला. कप्तानानेही हसायचा प्रयत्न केला, पण हनुवटी थरथरली. धाकटीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने तोंड फिरवलं.

घरी पोचल्यावर वर न जाता ती सरळ ताईकडे घुसली आणि बूटही न काढता सगळं सांगितलं. ताईने मशीन थांबवली.

"त्याचा चेहरा कसा झाला?"

धाकटीने करून दाखवला.

"परत सांग," ताई म्हणाली. तिने परत सांगितलं. ताईच्या डोळ्यांत असं काही चमकलं, जे धाकटीने आजवर तिथे बघितलं नव्हतं.

"आणि हसलं कोण?"

"सगळे! डॉक्टरीण, तो बेकरीवाला, झाडून सगळे."

"म्हणजे मला हसले होते तेच," ताई म्हणाली. हातातला दोरा तिने दातांनी तोडला. "पुढच्या रविवारी मी येते."

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर ती मनातल्या मनात ठरवत होती, ताईला हवं तितकं बसू द्यायचं, हवं तिथे थांबायचं. आता आपलंच राज्य आहे.

रविवारी कप्तानही आला. न येणं म्हणजे हार कबूल करणं, आणि तेवढं त्याच्याच्याने झालं नसतं. ताईला बघून त्याने मान हलवली. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. चढ सुरू झाला. ताई वर्षभर मशीनवर बसलेली, ती मागे पडणारच होती. धाकटी पुढे होती, सवयीने, वाऱ्यासारखी. वर पोचून ती एका दगडावर बसली. एकेक जण आला. कप्तान आला आणि गुडघे धरून खाली बसला. मग बऱ्याच वेळाने झाडांतून ताई आली, लालबुंद, छातीचा भाता झालेला. तिने पिशवी उतरवायला हात मागे नेला.

आणि धाकटी उठून उभी राहिली.

तिने ठरवून केलं नाही. शेवटचा माणूस दिसला की उठायचं, हे इतक्या महिन्यांत पायांत भिनलं होतं. तिच्या पाठोपाठ डॉक्टरीण उठली, बेकरीवाला उठला, झाडून सगळे उठले. फक्त कप्तान बसून राहिला, कारण त्याला उठवतच नव्हतं. धाकटीला चूक कळली तेव्हा ताई तिच्याकडेच बघत होती, पिशवीचा एक पट्टा खांद्यावर आणि एक हातात.

"पुढे असेल तो ठरवतो ना अजून?" ताईने विचारलं.

"हो हो," बेकरीवाला म्हणाला, "आजही याच पुढे होत्या."

"ही माझी सख्खी बहीण," ताई म्हणाली. मग धाकटीला म्हणाली, "खाली बस."

लहानपणी अभ्यासाला बसवायची तोच आवाज. धाकटी मुकाट्याने बसली. पुढचीच बसल्यावर बाकीचे करतात काय? तेही एकेक करून बसले. बाकांची गोष्ट आठवून डॉक्टरणीचा चेहरा कसनुसा झाला.

ताईने सपाट दगड शोधला, त्यावरची माती हाताने झाडली आणि बसली. पिशवीतून संत्रं काढलं. सालीचा एकेक तुकडा काढून तिने रुमालावर ठेवला. मग फोडींवरचे पांढरे दोरे ओढायला घेतले, अस्तर उसवावं तसे, सावकाश. वारा गार होता, आणि घामेजलेल्या अंगांना तो झोंबायला लागला.

"बराच वेळ झाला," डॉक्टरीण म्हणाली. "पाय आखडतील सगळ्यांचे."

"आखडू देत," ताई म्हणाली.

"बसा, बसा," कप्तान समजुतीच्या सुरात म्हणाला. "काही घाई नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं, आजोबा?"

बेकरीवाल्याला हसू फुटणार होतं. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते त्याच्या गळ्यातच राहिलं. ताई एकेक फोड तोंडात टाकत होती, बिया तळहातावर घेत होती. कप्तानाने दोनदा आवंढा गिळला. त्याची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. ताईने त्याला विचारलंसुद्धा नाही. एक संत्रं संपलं, तिने दुसरं काढलं.

धाकटीला राहवेना. ती दगडावरून सरकत ताईजवळ गेली आणि हलकेच म्हणाली, "ताई, चुकून उठले गं मी." आणि एका फोडीसाठी हात पुढे केला.

ताईने त्या हाताकडे बघितलं. मग फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुढची सोलायला घेतली.