कोरडी कॉइल

क्लिफर्डने व्हेपमधला करपलेला कापूस चिमट्याने उपसून बशीत टाकला. सकाळपासूनचा हा तिसरा.

"कापूसच भिकार," तो म्हणाला. "हल्ली कसलाच माल धड मिळत नाही."

समोर ग्लेंडा बटाटे सोलत होती. "मागच्या आठवड्यात दुकानदार चोर होता. आज कापूस."

"तू तुझ्या बटाट्यांकडे बघ."

नऊ वर्षांपूर्वी त्याने सिगारेट सोडली ती या व्हेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या जोरावर. तारेची कॉइल स्वतः वळायची, तिच्यातून कापूस स्वतः ओवायचा. ओवताना कॉइल किंचित हलली पाहिजे. कापूस घट्ट बसला तर करपतो, सैल राहिला तर वाफेसाठी भरलेला रस गळतो. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. आणि क्लिफर्डची बोटं म्हणजे काय विचारता! फ्लीटवुड बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरवर, हेलकावणाऱ्या डेकवर त्याने तीस वर्षं जाळी सांधली होती.

केमो सुरू झाल्यापासून त्याच बोटांना मुंग्या येत होत्या. बधिरपणा वाढला तर औषध थांबवावं लागेल, असं नर्सने बजावलं, आणि त्या दिवसापासून त्याने मुंग्यांचं नावच काढलं नाही. दोन डोस उरले होते, त्यातला एक उद्या. आपणच नर्सला सांगून टाकावं, असं ग्लेंडाला रोज वाटायचं. मग वाटायचं, औषध थांबलं आणि कॅन्सर पुन्हा पसरला तर? ती फार भ्यायली होती.

त्याने बटण दाबलं. मळ जळावा म्हणून कॉइल कोरडीच लाल करायची आणि मग ती निवेपर्यंत दहा आकडे मोजून थांबायचं, ही त्याचीच शिस्त. पण बटण सोडतो न सोडतो तोच नर्सचा फोन वाजला. फोन डाव्या हाताने कानाला लावून तो उजव्या बोटाने कॉइल सरळ करू लागला.

"छे हो बाई, बोटं एकदम झकास! आत्ता बारीक कामच करत बसलोय."

चर्र असा आवाज झाला. ग्लेंडाला वास आला, तो कापसाचा नव्हता. बोट कॉइलवर तसंच होतं, आणि तो नर्सशी उद्याच्या हवेबद्दल बोलत होता.

तिने झडप घालून त्याचा हात ओढला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. मग फोन तिच्यापुढे धरला.

"तुलाही विचारायचंय म्हणे."

"ग्लेंडा, खरं सांगा हं," नर्स म्हणाली. "पुष्कळजण लपवतात, आणि मग हात कायमचे जातात. त्यांच्या बोटांचं काही वेगळं वाटतंय का?"

ग्लेंडाने नवऱ्याकडे पाहिलं. तो विनवत नव्हता, खुणावतही नव्हता. बोट वर धरून नुसता बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही. उद्या साडेनऊला येतोच आम्ही."

फोन ठेवून तिने त्याला नळाशी नेलं आणि बोट धारेखाली धरलं. तो खिडकीबाहेर बघत उभा होता.

"गार आहे ना गं पाणी?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली.