फॉर्मलिनमधली साखर

नळदुर्गच्या एका कॉलेजात दीपमाला बिराजदार रसायनशास्त्र शिकवायच्या. शिवपुत्र तिथला लॅब अटेंडंट. तीस वर्षं त्यानं काचसामान धुतलं आणि बेडूक-सापांच्या बरण्यांतलं फॉर्मलिन बदललं. आता निवृत्तीला आठवडाच उरला होता.

एके दिवशी बाई वर्गात म्हणाल्या, फॉर्मलिनपासून साखर तयार होते. पोरं हसली. तास संपल्यावर शिवपुत्र हातातलं फडकं तसंच घेऊन जवळ आला.

"म्याडम, त्या उग्र पाण्याची साखर? खरंच व्हती?"

"होते, मामा. उद्या करून बघू. चाखायची मात्र नाही. त्यात विष उरलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी खिडक्या सताड उघडून, तोंडाला मास्क लावून बाईंनी पाण्यात थोडं फॉर्मलिन आणि चुना घातला आणि तो चंबू गरम पाण्यात ठेवला. आत दुधासारखं पांढरं दिसत होतं. साडेबारा वाजले होते.

एक वाजला. दीड वाजला. पांढरं ते पांढरंच. मुलं एकेक करून निघून गेली. हायवेवरच्या ट्रकांची घरघर लांबून, पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येत होती. उन्हाचा पट्टा टेबलावरून हळूहळू सरकत होता.

"कायच हुईना की," शिवपुत्र म्हणाला.

"होतंय, पण दिसण्याइतकं नाही. साखरेचा पहिला बारीक कण जुळायलाच फार वेळ लागतो. एकदा जुळला, की तो आजूबाजूचं ओढून घेतो, वाढतो, फुटतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. मग थांबत नाही."

"कुणी न ढवळता?"

"कुणी न ढवळता."

बाईंचे डोळे जड झाले. माणूस नव्हता, झाड नव्हतं, तेव्हाची कोमट डबकी त्यांना दिसू लागली. कदाचित तिथंही असंच काहीतरी जुळत असेल, बघायला कुणी नसताना. बाजूला शिवपुत्र बोलत होता, बाईंशी की स्वतःशी, कळत नव्हतं.

"आमची कारभारीण हरणाबाई हाताच्या या वासाला लई चिडायची. घरी जाताना म्या लिंबू चोळायचो, तरी तिला कळायचं. म्हणायची, तुमच्या हातचं पानी बी नगं. मग हसायची. जाऊन सात वर्सं झाली तिला."

त्यानं फडक्यानं टेबलाची कड पुसून काढली.  अडीच वाजत आले.

"म्याडम!"

चंबूत फिकट पिवळी झाक आली होती, पिकू लागलेल्या लिंबासारखी. बघता बघता ती दाट झाली. दोन तास जे हललं नव्हतं ते आता मिनिटामिनिटाला बदलत होतं. पिवळं, मग गर्द, मग तपकिरी. बाईंनी चंबू बाहेर काढला, निवू दिला आणि मास्क जरा खाली ओढून त्यावरून हातानं हलकेच वारा नाकाकडं घेतला. शिवपुत्रनंही तसंच केलं. उग्र वासाच्या आडून जळक्या गुळाचा वास येत होता.

"गूळ!" तो पुटपुटला. "तीस वर्सं याच्यातच व्हता व्हय?"

"नव्हता. आत्ता झाला." बाईंनी ड्रॉपर त्याच्यापुढं धरला. "आता नवीन चंबू तुम्ही लावा. त्यात याचा एक थेंब टाका."

तो मागं सरला. "म्या? म्या तर फकस्त धुतो."

"लावा, मामा."

बाई सांगतील तसा त्यानं नवा चंबू गरम पाण्यात लावला आणि ड्रॉपर दाबला. एकाऐवजी दोन थेंब पडले. बाईंनी घड्याळ लावलं. दहा मिनिटंही झाली नसतील, तोवर पांढऱ्यात पिवळं उतरू लागलं. शिवपुत्र टेबलाला धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तो पुसत नव्हता.

निरोपाच्या दिवशी त्यानं भाषण करायला नकार दिला. सकाळी नऊलाच येऊन त्यानं पहिला चंबू लावला होता. अकराला मुलं जमली तेव्हा तो पिवळा पडत होता. त्यातला एक थेंब त्यानं सगळ्यांदेखत दुसऱ्यात टाकला. थोड्याच वेळात तोही पिवळा पडू लागला, तशी मागं रेलून बसलेली मुलं उठून पुढं आली.

"पण पहिल्या चंबूत तो पहिला कण आला कुठून?" आरजू नावाच्या मुलीनं विचारलं.

शिवपुत्रनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मानेनं त्यालाच खुणावलं.

"म्हाईत न्हाय, पोरी," तो म्हणाला. "म्या दोन घंटे टक लावून बसलो व्हतो, तरी मला दिसला न्हाय. तू शोध."

आरजूनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. सोमवारी ती बाईंकडं लॅबची किल्ली मागायला आली.