सव्वासातचा हितू

जीवराम नाना स्टुलावर चढून बाथरूमबाहेरचा स्विचबोर्ड उघडून बसले होते. हातात टेस्टर. टेस्टर लावला की लाल दिवा पेटत होता, म्हणजे करंट येत होता. भिंतीवरचं बटण दाबलं की गिझर मुकाट चालू होत होता. मग सहा वाजता तो आपोआप का लागला नाही, हे काही त्यांना उमगत नव्हतं. बायकोच्या, इंदिराबाईंच्या खोलीतला दिवाही आज पहाटे लागला नव्हता.

छत्तीस वर्षं वीज मंडळात वायरमनकी केलेला माणूस. एरंडोलपासून कासोद्यापर्यंतचे किती खांब ते चढले असतील, याचा हिशेब नव्हता. तार तुटली, डीपी जळाली, फ्यूज उडाला. बिघाड कुठे आहे ते त्यांना हात लावायच्या आधी कळायचं. आज मात्र तीन वेळा बोर्ड उघडून झाला, मीटरपाशी जाऊन झालं, आणि बिघाड सापडत नव्हता. जिवाला चैन पडेना.

“नाना, सात वाजनात,” स्वयंपाकघरातून भागाबाईने सांगितलं. ती सकाळ-संध्याकाळ इंदिराबाईंचं बघायला यायची.

नाना उतरले, हात धुतले, आणि रोजच्यासारखं इंदिराबाईंना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. इंदिराबाई त्यांच्याकडे न बघता दंड पुढे करून बसल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण विरत चालली होती. सुरुवातीला वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. राहिला होता तो एक हितू.

हितू म्हणजे हितेंद्र, त्यांचा एकुलता मुलगा, शिकागोला. जूनमध्ये आला तेव्हा आईने सहा महिन्यांपासून खाण्यापिण्याचा कसा छळ मांडलाय ते त्याने पाहिलं. घास पुढे केला की तोंड मिटायच्या. जाण्याआधी त्याने घरभर नेटवरून ठरल्या वेळी आपोआप चालणारी नवी बटणं बसवली, आणि आईच्या उशाशी कपाटावर एक गोल स्पीकर ठेवला. त्याच्यात स्वतःचा आवाज भरला. रोज सकाळी सव्वासातला स्पीकर बोलायचा, “आई, मी हितू. नाश्ता करी ले.” आणि इंदिराबाई तोंड उघडायच्या. चार-साडेचार महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. शेजारपाजारचे बघून जायचे. नानाही कौतुकाने सांगायचे, पोराने बठ्ठं, अख्खं घर शिकागोहून चालवायला घेतलंय म्हणून.

सव्वासात झाले. भागाबाई दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन समोर बसली होती. स्पीकर गप्प.

सात वीस झाले.

“इंदिरा, खाई ले,” नाना म्हणाले.

“हितू आजून बोलना नही.”

“बोली तो. तू एक घास तर घे.”

इंदिराबाईंनी तोंड फिरवलं. नानांनी स्पीकर उचलून पाहिला, वायर काढून पुन्हा लावली. त्याचा बारीक हिरवा दिवा लागला, विझला. त्यांनी मुलाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिकडे रविवारची संध्याकाळ, पोरगा कुठे बाहेर गेला असेल. नाना खोलीतून ओसरीत, ओसरीतून खोलीत येरझारा घालू लागले. इन्सुलिन अंगात गेलेलं होतं. त्यावर अन्न गेलं नाही तर साखर उतरून काय होतं, ते डॉक्टरांनी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं.

पावणेआठला भागाबाई दारात आली. “नाना, आक्कास्ना हात थंडा पडी ग्यात. घाम बी फुटी राह्यना.”

नानांनी साखरेचं पाणी करून आणलं. चमचा ओठांना लावला. दात घट्ट मिटलेले. पाणी हनुवटीवरून पातळावर ओघळलं.

“इंदिरा, माझं ऐक. मी तुना घरवाला शे.”

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे जडावले होते, पण बोलणं अजून आदबीचं होतं.

“तुम्ही लाईटवाला शेतस ना, भाऊ? हितू सांगी तवय खासू.”

नाना उठले. क्षणभर खोलीच्या मधोमध उभे राहिले. मग वाटी भागाबाईच्या हातात दिली, स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड, इंदिराबाईंना दिसणार नाही असे भिंतीला टेकून उभे राहिले. घसा खाकरला. पोरगा बोलतो तसं, शेवटचा शब्द जरा ओढत ते म्हणाले,

“आई, मी हितू. नाश्ता करी ले.”

पलीकडे काहीच हालचाल नव्हती. मग चमच्याचा आवाज झाला, आणि भागाबाई हळूच म्हणाली, “पाणी घी राह्यन्यात, नाना.”

ते तिथेच खाली बसले.

इंदिराबाई सगळं पाणी प्यायल्या, मग त्यांनी दूध-भाकरी खाल्ली. अंगाला ऊब आली. बरोबर सव्वाआठला कपाटावरचा स्पीकर बोलला, “आई, मी हितू. नाश्ता करी ले.” इंदिराबाई त्याला म्हणाल्या, “आतेच तं खादं.”

साडेआठला मुलाचा फोन आला.

“नाना, फोन सायलेंटवर होता. काय झालं?”

नानांनी सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला,

“चूक माझीय. इथे काल रात्री घड्याळ एक तास मागे गेलं.”

“कोणाचं?”

“सगळ्यांचंच. हिवाळ्यात इथे घड्याळ एक तास मागे घेतात, मार्चमध्ये परत पुढे. घराचं टायमिंग मी इथल्या वेळेवर लावलं होतं. लक्षातच आलं नाही. आत्ता भारताच्या वेळेवर करून टाकतो, पुन्हा असं होणार नाही.”

“गिझर, दिवा कर,” नाना म्हणाले. “बोलायचं बंद करून टाक.”

“अहो, मग आई खाणार कशी?”

“मी सांगीन.”

“नाना, तुमचं ती ऐकत नाही ना...”

“आज ऐकलं.” मग, पोराला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी जोडलं, “नेट गेलं, लाईट गेली, तू कामात राहिलास, तर? मी इथेच आहे. तू रविवारचा तिच्याशी बोलत जा. खरंखरं.”

पलीकडून “हो” आलं, फार बारीक.

दुसऱ्या दिवशी गिझर सहाला लागला, पहाटेचा दिवाही. सातला नानांनी इंजेक्शन दिलं आणि सव्वासातला दाराआड जाऊन उभे राहिले.

“आई, मी हितू. नाश्ता करी ले.”

चमच्याचा आवाज सुरू झाला. नाना निघणार, तोच आतून हाक आली.

“हितू.”

स्पीकरशी त्या कधी आपणहून बोलल्या नव्हत्या, निदान उत्तराची वाट बघत तरी नाही. नाना थांबले.

“काय, आई?”

“तुना बापनी खादं का काही? सकायपासून उपाशीच खांबावर चढी जास तो.”

नानांची नजर ओट्यावरच्या भाकरीच्या टोपलीवर गेली. भागाबाई पदराने डोळे टिपत खाली बघत होती.

“बसनात खावाले,” ते शेवटी म्हणाले.

“बरं झायं.”

नानांनी टोपलीतली भाकरी ताटलीत घेतली, ठेच्याची वाटी पुढे ओढली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायला लागले. ताटली थोडी ओट्यावर घासत, तिकडे आवाज जाईल इतपत.