गोंद सुकेपर्यंत

मित्रांनो, मी सुटे तुकडे चिकटवून उभारायचा एक जुना संच आहे. एका खाणकामगाराच्या लाकडी खोपटाचा, खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान. दूरदेशी बर्फाच्या डोंगरात तांबे खणणारा कोणी एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी अशा खोपटात राहत असे, असे माझ्या खोक्यावर छापले आहे. मी मात्र बर्फ कधी पाहिला नाही. माझे दिवस गेले ते बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावर. तेही अस्वस्थपणे. डोक्यावर छप्पर नसलेल्या घराने स्वस्थ तरी कसे बसावे?

जयवंतराव प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लेकीने, नीरजाने, मला परदेशातून आणले. त्यांनी माझ्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, वास घेतला आणि म्हणाले, "हलकं आहे, पण सरळ लाकूड आहे." त्या एका वाक्यावर मी कित्येक महिने जगलो.

रोज चहानंतर ते माझे काम काढीत. माझा दरवाजा त्यांना पसंत पडेना. मोजपट्टी लावून म्हणाले, "हिशेबाने जेमतेम पाच फूट होतो. दिवसभर खाणीत वाकलेला माणूस, घरात तरी ताठ शिरू दे." घरातल्या जुन्या सागवानाचा तुकडा कापून त्यांनी मला नवा, उंच दरवाजा बसवला.

मग छप्पर आले. दोनशे बारा फळ्या, एकेक नखाएवढी. एकसष्टावी फळी लावताना त्यांचा हात थरथरला. फळी तिरकी बसली. त्यांनी ती काढून पुन्हा लावली, पुन्हा तिरकी. आयुष्यभर डब्यांची दारे बसवलेला तो हात त्यांनी बराच वेळ पंच्याखाली झाकून ठेवला. मग मला खोक्यात घालून कपाटावर चढवले आणि पत्नीला, मंदाकिनीबाईंना, सांगितले, "गोंद सुकू देतोय."

चार वर्षे तो गोंद सुकत होता.

"अहो, तुमचा गोंद अजून ओलाच का?"

"हवा दमट आहे."

"बडोद्यात? मे महिन्यात?"

मी वर तळमळत होतो. कोणी कपाट उघडले की सुट्या फळ्या खुळखुळत आणि मला वाटे, आज काढणार! एकदा एक पाल माझ्या उंच दरवाजातून आत येऊन बसली. तेवढीच काय ती माझी भाडेकरू.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत खोके खाली आले. दारात पस्तीवाला रद्दी तोलत होता. त्याने माझ्यावर हात ठेवला. "बेन, आ खोखुं पण आपवानुं छे?"

"देऊन टाक," जयवंतराव खुर्चीतूनच म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

माझी काडी न् काडी हादरली. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि मला उचलून घेतले. "ना भाई, एमां तो घर छे."

त्याच दुपारी त्या मला घेऊन टेबलाशी बसल्या. खिरीसाठी तांदळाएवढे गव्हले वळणारी त्यांची बोटे. नखाएवढी फळी त्यांना मोठीच. त्यांनी अगदी वरून, आढ्यापासून, फळ्या चिकटवायला घेतल्या. एक, दोन, तीन...

जयवंतरावांना राहवेना. "अगं, वरून काय लावतेस! खालून वर चढत यायचं. पाणी आत जाईल ना!"

"मला काय कळतंय त्यातलं."

"सरक."

मित्रांनो, मंदाकिनीबाईंचे माहेर रत्नागिरीकडचे, कौलारू. पावसाळ्याआधी वडिलांच्या हाताखाली कौले कशी चाळून पुन्हा चढवली, हे त्यांनी याच घरात दहा वेळा सांगितले आहे. कौलेही खालून वरच चढवतात.

आता ते जागा दाखवतात, त्या फळी बसवतात.

"डावीकडे घे. केसभर."

"कुणाच्या केसभर? तुमच्या डोक्यावर तर एक नाही."

बावीस फळ्या उरल्या आहेत. मी अजूनही अस्वस्थच आहे, पण आता ती घाई आहे, भीती नाही.

तुमच्याही घरी कपाटावर एखादे काम अर्धवट पडले असेल. ते टाकून देऊ नका. ज्याचा हात थांबला, त्याला कारणही विचारू नका. शेजारी बसा, आणि जरासे चुकीचे करून दाखवा.

काल नीरजाचा फोन आला. "बाबा, झालं का घर?"

जयवंतरावांनी आपल्या चिकट बोटांकडे पाहिले. "नाही गं. गोंद ओला आहे."

या वेळी तो खरोखरच ओला होता.