फ्रूट सॅलडच्या पातेल्याची विनवणी

मी एक जुने जर्मनचे पातेले आहे.

मित्रांनो, जर्मनचे म्हणजे जर्मनीहून आलेले नव्हे. नागपूरकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. माझा जन्म…

नाही. जन्म नंतर सांगते. मला घाई आहे. आज पंचवीस डिसेंबर आहे, लीड्समधल्या बस बंद आहेत आणि द्रौपदीबाई घरात एकट्या आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे गाडी असेल, तर हे वाचता वाचता किल्ली हातात घ्या.

पण नुसते 'या' म्हटल्यावर कुणी येत नाही. कुणाचे ऐकतो आहोत हे माणसांना आधी कळावे लागते. म्हणून पुन्हा सुरू करते.

मी एक जुने जर्मनचे पातेले आहे. नागपूरच्या इतवारीत एका दुकानाबाहेर मी उलटे टांगलेले होते. सुभाष रामटेके यांनी पहिल्या पगारात मला विकत घेतले आणि माझ्या काठावर बायकोचे, म्हणजे द्रौपदीबाईंचे, नाव कोरून घेतले. पुढे त्यांना लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा पोटात मिरची पावडर आणि चिवडा भरून मी विमानात बसले. द्रौपदीबाईंना हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम मिळाले. तिथे त्या सव्वीस वर्षे होत्या.

आता माझे चांगले दिवस. ते थोडक्यात सांगते, कारण चांगल्या दिवसांना मदत लागत नाही.

आमच्या ओळखीची पंचवीस-तीस बौद्ध कुटुंबे होती. कुणी नर्स, कुणी इंजिनियर, कुणी ड्रायव्हर. सगळ्यांना एकाच वेळी सुटी मिळायची ती फक्त ख्रिसमसला. म्हणून सव्वीस डिसेंबरला भाड्याच्या हॉलमध्ये सगळे जमायचे. आधी बुद्धवंदना, मग जेवण. पुरी, बटाट्याची भाजी आणि माझ्यातले फ्रूट सॅलड.

तीन लिटर दूध. ते माझ्यात मंद तापायचे. "तळाला पळी लागू दे, रचना," द्रौपदीबाई मुलीला सांगायच्या. "वरवर फिरवशील तर खाली लागते. आणि कस्टर्ड पावडर थंड दुधात कालव. गरमात टाकली का झाल्या गाठी."

"आई, दर वर्षी तेच सांगतेस."

"दर वर्षी गाठी कोण करते?"

कस्टर्ड पूर्ण गार झाले की डबल क्रीम, मग सफरचंद, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे. केळे शेवटी, अगदी हॉलमध्ये पोचल्यावर.

हॉलमध्ये वाढपी नसायचा. हा द्रौपदीबाईंचा नियम होता. ज्याने त्याने माझ्यात पळी घालून आपले आपण घ्यायचे. त्यांच्या आजीला गावात दुरून, वरून पाणी ओतले जायचे. भांड्याला हात लावू देत नसत. म्हणून माझ्याभोवती गर्दी झाली, पळीसाठी ओढाओढ झाली, काठावर दहा-बारा हात आले की त्या कोपऱ्यात उभ्या राहून बघत राहायच्या.

"वहिनी," सुभाषचा मित्र शशी म्हणायचा, "पुढच्या वर्षी मी डायरेक्ट पातेल्यातच बसतो."

"बस ना. पण आंघोळ करून ये."

झाले. एवढेच होते माझे कौतुक. पुढे पोरे मोठी झाली, हॉलमध्ये केटरर आला. मग सुभाष गेले.

इथे मला थांबावेसे वाटते, पण वेळ नाही.

ऑक्टोबरमध्ये द्रौपदीबाईंनी गॅस सुरू केला आणि पेटवायचा विसरल्या. शेजारणीला वास आला म्हणून निभावले. प्रणय, त्यांचा मुलगा, ब्रिस्टलहून आला आणि त्याने गॅस काढून टाकला. त्या जागी काळी, गुळगुळीत काच बसवली. तिला इंडक्शन म्हणतात. तिच्यावर स्टीलची भांडी तापतात. माझ्यासारखे जर्मनचे भांडे ठेवले तर ती नुसती टुक टुक वाजते. प्रणयने नवी स्टीलची भांडी आणली आणि जुनी खोक्यात भरून चॅरिटी शॉपला दिली. मला द्रौपदीबाईंनी कपाटात साड्यांच्या मागे लपवले.

मला वाटले, मी वाचले! मित्रांनो, मी किती मूर्ख होते.

कारण मग प्रश्न आला की द्रौपदीबाईंनी एकटे राहावे की केअर होममध्ये जावे. प्रणय एक केअर होम बघूनही आला होता. "आई, तिथे बाग आहे," तो म्हणाला.

"बागेत तू राहा," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरातून जाणार नाही."

शेवटी ठरले की एक थेरपिस्ट घरी येईल आणि द्रौपदीबाईंना स्वयंपाक करताना बघेल. जमले तर घर, नाही जमले तर बाग.

दहा डिसेंबर. सकाळी अकरा.

थेरपिस्टचे नाव हेलन. आवाज मऊ, हातात कागद. त्या दिवशी रचना मँचेस्टरहून आली होती. ती तिथे नर्स आहे. द्रौपदीबाईंचे इंग्रजी हल्ली हरवत चालले होते, म्हणून भाषांतराला ती हवी होती. हेलनने तिला खुर्ची दाखवली आणि सांगितले, "तू फक्त भाषांतर कर. सुचवायचं काहीच नाही. खूणसुद्धा नाही."

"आई, तुला काहीतरी करून दाखवायचंय. काय करशील?"

"ख्रिसमस आला ना. फ्रूट सॅलड," द्रौपदीबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, साड्या बाजूला केल्या आणि मला घेऊन आल्या.

रचनाने मला पाहिले. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

हेलनच्या कागदावर रकाने होते.

*साहित्य स्वतः काढतात का?* काढले. दूध, साखर, कस्टर्ड पावडर, फळे. एकही गोष्ट विसरल्या नाहीत.

*चूल सुरू करता येते का?* आली. प्रणयने बटणावर लाल टिकली चिकटवली होती, ती त्यांनी बरोबर दाबली.

*पदार्थावर लक्ष…*

टुक. टुक. टुक.

मी तापले नाही. त्या ढवळत राहिल्या. तळाला पळी लावून, नेहमीसारख्या. एक मिनिट, दोन, पाच. काच वाजून वाजून बंद पडली. त्यांनी पुन्हा लाल टिकली दाबली. पुन्हा टुक टुक. माझ्यातले दूध फ्रिजमधून आले तेवढेच थंड होते आणि त्या थंड दुधाला त्या उतू जाण्यापासून जपत होत्या.

हात लाव, द्रौपदी. माझ्या बाजूला हाताची पाठ लाव. मी गार आहे. मी या घरातले सर्वांत निरुपयोगी भांडे आहे, मला फेक, ते चकचकीत स्टील घे, तिथे डाव्या हाताला आहे. मला ओरडता येत नव्हते. मला तापता येत नव्हते. सगळ्या जन्मात मला येणारी एकच गोष्ट त्या दिवशी मला येत नव्हती.

आठ मिनिटे झाली. रचनाने ओठ चावला होता. हेलनने पेन उचलले.

द्रौपदीबाईंनी दुधात बोट बुडवले. मग त्या वाकून काचेखालच्या कपाटात काहीतरी शोधू लागल्या. उठल्या आणि हेलनला मराठीतच म्हणाल्या, "सिलिंडर संपलं वाटते, बाई. आता नंबर लावा लागते. आठ दिवस तरी येत नाही."

लीड्समध्ये सिलिंडर कधीच नव्हते. ते नागपूरला होते, चाळीस वर्षांपूर्वी.

"काय म्हणाल्या त्या?" हेलनने विचारले.

रचना माझ्याकडे बघत होती. आईकडे नाही, माझ्याकडे. खरे सांगितले तर आई या घरातून जाणार. मित्रांनो, तिने किती वेळ घेतला ते मला सांगता येत नाही. एक श्वास असेल.

"ती म्हणतेय," रचना इंग्रजीत म्हणाली, "की या शेगडीवर हे भांडं तापत नाहीये."

"छान. मग अशा वेळी त्या काय करतील, विचार."

"आई." रचना मराठीत म्हणाली. "भांडं तापत नाहीये. आता काय करायचं?"

द्रौपदीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग काय झाले ते मला आजही कळलेले नाही. त्यांच्या कुठल्या कोपऱ्यातून हॉस्पिटलचे ते स्वयंपाकघर वर आले असेल. त्यांनी पाठ ताठ केली, पदर खोचला आणि हेलनला म्हणाल्या, "चेंज द पॅन, लव्ह."

त्यांनी मला उचलले आणि माझ्यातले दूध स्टीलच्या पातेल्यात ओतले.

मी रिकामे झाले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण होता.

पुढचे सगळे बिनचूक. पावडर थंड दुधात कालवली. गाठ नाही. गार व्हायला भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवले. क्रीम, फळे, केळे शेवटी. हेलनने वाटीभर खाल्ले आणि आणखी मागितले. जाताना तिने कागदावर लिहिले, *स्वतंत्रपणे करू शकतात.*

संध्याकाळी प्रणय फोनवर ओरडलाच. "फर्स्ट अटेम्प्टमध्ये पास? ब्रिलियंट, आई!"

"काय पास?" द्रौपदीबाई म्हणाल्या.

रचनाने फोन कानाला लावला. "दादा, ऐक. मला तुझ्याशी जरा…"

"अगं, आता टेन्शन कशाला? पास झाली ना? मग झालं तर."

तिने सांगितले नाही. मित्रांनो, तिला नावे ठेवू नका. आईला घरातून काढायचे नव्हते म्हणून ती खोटे बोलली, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवायला सगळे अगदी तयार बसले होते. निघण्यापूर्वी तिने मला मागच्या दारी कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये ठेवले. टाकले नाही, ठेवले. "सॉरी," ती म्हणाली. "तू इथे राहिलंस तर ती पुन्हा तुलाच घेईल." बरोबर होते तिचे.

मग 'पास' हा शब्द सगळीकडे पोचला. प्रणयच्या मुलांना ताप आला. तो म्हणाला, "न्यू इयरला नक्की येतो, तोपर्यंत आई मॅनेज करेल." रचनाला ख्रिसमसच्या दिवशी ड्यूटी लागली. शशी आता लांब राहतो. सकाळी नऊला एक केअरर येते, गोळ्या देते, वीस मिनिटांनी जाते. आजही आली होती. "मेरी ख्रिसमस, डार्लिंग," असे म्हणून गेली.

त्यानंतर द्रौपदीबाई कचरा टाकायला मागच्या दारी आल्या. कचऱ्याची गाडी सुट्यांमुळे लांबली होती, म्हणून मी अजून तिथेच होते. बिनचे झाकण उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "इथं काहून बसलात? थंडी किती आहे!"

मित्रांनो, मला वाटले माझ्या मागे कुणी असेल. कुणी नव्हते.

त्यांनी मला आत आणले. पुसले. सुभाषच्या खुर्चीवर बसवले आणि माझ्याभोवती त्यांचा मफलर गुंडाळला. मग स्टीलच्या पातेल्यात दूध तापवले. तळाला पळी लावून ढवळले. पावडर थंड दुधात. गाठ नाही. लाल टिकली आठवणीने पुन्हा दाबून शेगडी बंद केली. हेलन असती तर तिने प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण केली असती. खुर्चीवर कोण बसले आहे, असा रकाना तिच्या कागदावर नव्हता.

एक वाटी माझ्यासमोर, एक स्वतःसमोर.

"घ्या," त्या म्हणाल्या. "केळं आत्ताच घातलं."

या दोघांची एक रीत होती. ती मी इतकी वर्षे शेगडीवरून पाहिली आहे. पहिला चमचा सुभाष घ्यायचे आणि साखर कशी झाली ते सांगायचे. त्यांनी सांगितले की मगच द्रौपदीबाई खायच्या. त्याआधी कधीच नाही.

हे अकरा वाजता झाले. आता चार वाजले आहेत. बाहेर अंधार पडला आहे. कस्टर्डवर साय धरली आहे, केळी काळी पडली आहेत. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेले नाही. समोर बसून त्या माझ्याकडे बघत आहेत. मधूनच विचारतात, "रागावलात का?"

मी भांडे आहे. मला माणसांचे अन्न शिजवता येत होते, तेही आता येत नाही. जेवता तर कधीच येत नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारखी पातेली मोडीत गेली तर जाऊ द्या. पण तुमच्या घरातले कुणी 'पास' झाले असेल, तर आज एकदा जाऊन बघा ते कुणाबरोबर जेवते आहे. आणि इथे कुणीतरी या. कुणीही चालेल. मला या खुर्चीवरून उतरवून जमिनीवर ठेवा. इथे बसा. एक चमचा खा.

आणि त्यांना सांगा, साखर बरोबर झाली आहे.