पार्श्वभूमीतले थोरले बंधू

दूरवेधी लेन्स घरात आली, त्या दिवसापासून छायाचित्रकाराच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक तसबिरीत माणसाच्या पाठीमागचे जग नाहीसे होऊ लागले. लेन्स कोपरापासून मनगटापर्यंत लांब होती आणि तिचा गुण विलक्षण होता. माणसाला तिच्यापासून दहा-बारा पावलांवर उभे करावे, त्याच्या मागे त्याहून अधिक मोकळी जागा ठेवावी, लेन्सचा आतला पडदा पूर्ण उघडावा आणि नेम माणसाच्या जवळच्या डोळ्यावर धरावा. एवढे केले, की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट उमटतो, आणि मागची घरे, झाडे, तारा, गाड्या हे सारे ओल्या कागदावर सांडलेल्या रंगांप्रमाणे एकमेकांत मिसळून जाते. छायाचित्रकाराचे जगाविषयीचे मत पूर्वीपासूनच बेताचे होते. आता ते जगच पुसून टाकण्याचे साधन हाती आल्यामुळे त्याच्या चित्तास मोठी शांती लाभली.

ही शांती गिऱ्हाइकांना मात्र लाभली नाही. कोपऱ्यावरच्या रंगविक्रेत्याने आपल्या नव्या दुकानासमोर उभे राहून मोठ्या हौसेने फोटो काढवून घेतला होता. हाती आलेल्या प्रतीत त्याच्या मिशा अद्वितीय आल्या होत्या, परंतु दुकानाच्या जागी पिवळसर धुके पसरले होते. दुकान कुठे गेले, असे त्याने विचारले, तेव्हा छायाचित्रकाराने त्याला कला म्हणजे काय हे पाऊण तास समजावून सांगितले. रंगविक्रेत्याने सर्व ऐकून घेतले आणि पुढचा फोटो पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याकडून काढवून घेतला. छायाचित्रकाराची बायको या लेन्सला तोफ म्हणत असे. तोफेने शत्रू पळतात, आमची गिऱ्हाइके पळतात, असा तिचा अभिप्राय होता, आणि त्यात खोट काढण्यास जागा नव्हती.

अशा परिस्थितीत वहिनींच्या फोटोचे काम आले.

वहिनी, म्हणजे छायाचित्रकाराच्या थोरल्या बंधूंची पत्नी, रुग्णालयात तेहतीस वर्षे परिचारिका होत्या आणि त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होत्या. त्या रुग्णालयाच्या लांब बोळात एक भिंत आहे. तिच्यावर बारा निवृत्त डॉक्टरांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या आहेत. त्या बाराही जणांना पहिल्या दिवशी सुया कुठल्या कपाटात असतात हे वहिनींनीच दाखवले होते, ही गोष्ट तसबिरींवरून कोणाच्या ध्यानात येत नाही. यंदा प्रथमच एका परिचारिकेची तसबीर तेथे लावावी असे ठरले. फोटो सोमवारी दुपारपर्यंत पोहोचला पाहिजे, नंतर आलेला स्वीकारला जाणार नाही, असेही वहिनींना आलेल्या रुग्णालयाच्या पत्रात सौजन्यपूर्वक लिहिले होते.

वहिनी पत्र घेऊन आल्या तेव्हा बंधू सोबत नव्हते. त्यांनी पत्र टेबलावर ठेवले, त्यावरून हात फिरवून घडी सपाट केली आणि एवढेच म्हणाल्या, “भावोजी, एकटीचा हवा.”

“एकटीचाच तर काढायचाय, वहिनी.”

“तसं नाही. घरातले सगळे फोटो बघा. कुठे मी यांच्या मागे, कुठे खुर्चीच्या मागे. एकात तर माझा हातच आहे फक्त, ट्रे धरलेला. या भिंतीवर मी एकटी पाहिजे.”

छायाचित्रकाराने तत्काळ वचन दिले. वचन देताना त्याच्या मनात वहिनींपेक्षा लेन्सच अधिक होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

रविवारी सकाळी ढगाळ होते आणि उजेड मऊ होता. इमारतीची गच्ची चांगली लांब असल्यामुळे तेथेच फोटो काढावयाचे ठरले. वहिनी आपल्या पांढऱ्या गणवेशात, छातीवर बिल्ला लावून, ठरल्या वेळी आल्या. त्यांच्या मागून थोरले बंधू कोट घालून आले.

थोरल्या बंधूंचा परिचय येथे करून देणे आवश्यक आहे. ते एका कार्यालयात अभिलेखपाल होते. पस्तीस वर्षे त्यांनी जुन्या फायली अशा निष्ठेने सांभाळल्या, की त्या कोणाच्याही हाती लागू दिल्या नाहीत. ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना भिंतीवर लावावयाचे घड्याळ दिले. भिंत दिली नाही. तेव्हापासून भिंतीचा विषय निघाला की ते खाकरत असत.

त्या दिवशीही ते खाकरले. मग त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांचे म्हणणे असे, की बाईमाणूस एकटे उभे असले म्हणजे चित्र अपुरे दिसते. त्यांना स्वतःला फोटोची हौस मुळीच नाही, परंतु केवळ आधार म्हणून ते मागे उभे राहतील. कोट त्यांनी सहज घातला होता. तो त्यांनी आदल्या दिवशी इस्त्री करवून आणला होता, हेही सहजच.

वहिनींनी दिराकडे पाहिले. त्या दृष्टीत वचनाची आठवण होती. छायाचित्रकाराच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याने बंधूंना सरळ सांगितले असते. परंतु थोरल्या भावाला सरळ सांगणे या घराण्यात कोणालाच जमलेले नव्हते. शिवाय छायाचित्रकारापाशी लेन्स होती. त्याच्या डोक्यात एक कल्पना चमकली आणि ती त्याला इतकी सुंदर वाटली, की तिच्यातील दोष पाहण्याचे भान त्याला उरले नाही.

तो अत्यंत आदराने म्हणाला, “दादा, तू मागे उभा राहा. अजून थोडा मागे. टाकीपाशी.”

“टाकीपाशी? तिथून मी दिसेन का?”

“तिथूनच शोभा येईल.”

बंधू शोभा आणावयास पाण्याच्या टाकीपाशी गेले. वहिनी गच्चीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. छायाचित्रकार अलीकडच्या टोकाला गेला, त्याने तीन पायांच्या घोडीवर लेन्स चढवली आणि आतून पाहिले. त्याच्या मनासारखेच घडले होते. वहिनींच्या खांद्यामागे, जेथे थोरले बंधू कोटाची बटणे लावून ताठ उभे होते, तेथे एक राखाडी डाग दिसत होता. टाकीचाही एक डाग होता, आणि दोहोंपैकी टाकीचा अधिक डौलदार होता.

बंधूंपर्यंत आवाज पोहोचत नसल्यामुळे छायाचित्रकाराची बायको मध्यावर, चौकटीच्या बाहेर, निरोप्या म्हणून उभी राहिली. ती निरोप पोहोचवताना त्यात आपल्या बुद्धीची भर घालीत असे. छायाचित्रकाराने दादाला हलू नकोस म्हणून सांगण्यास सांगितले, तर तिने सांगितले, की हललात तर तुम्हीच बिघडवलं असं म्हणतील. तिकडून बंधूंनी विचारले, की हसावे की गंभीर राहावे. तिने नवऱ्याला न विचारताच उत्तर दिले, “काहीही करा भाऊजी, फरक पडत नाही.” बंधूंना हे उत्तर आपल्या चेहऱ्याच्या गुणांविषयी वाटले, आणि त्यांनी अर्धवट स्मित धारण केले.

तासाभरात साठ फोटो झाले. ते पाहण्यासाठी छायाचित्रकार खाली संगणकापाशी बसला आणि पाचव्याच फोटोला त्याचे तोंड उतरले.

पहिल्या फोटोत वहिनींचा कान अप्रतिम आला होता. दुसऱ्यात मान. तिसऱ्यात टोपीला लावलेल्या टाचणीचे डोके असे झळकत होते, की एखाद्या टाचणीच्या कारखान्याने ते जाहिरातीसाठी आनंदाने घेतले असते. डोळे मात्र साठांपैकी एकातही ठिकाणावर नव्हते. बुबुळे धूसर, चेहरा अर्धा वळलेला. उघड्या लेन्सचा स्वभावच असा, की तिच्या नेमात जेमतेम चार बोटांची जागा मावते. माणसाने मान वळवली, की ती नेमातून निसटते. आणि वहिनी प्रत्येक वेळी, बटण दाबण्याच्या नेमक्या क्षणी, मागे वळून पाहत होत्या.

त्यांना विचारले, तेव्हा त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “यांचे गुडघे दुखतात. इतका वेळ उभे आहेत. बघायला नको का?”

तेहतीस वर्षे ज्या बाईने पाठीमागच्या खाटेवरचा रोगी कण्हण्याआधी ओळखला, तिच्या पाठीमागे एक कण्हणारा नवरा उभा करून तिने समोर पाहावे, अशी छायाचित्रकाराची अपेक्षा होती. आपण फार हुशार आहोत, अशी त्याची सकाळपासून समजूत झालेली होती. ती आता हळूहळू उतरू लागली.

ती पुरती उतरण्याआधीच थोरले बंधू खाली आले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेले आणि विचारले, “यात मी कुठाय?”

निरोप्याचे काम अजून संपले नाही असे समजून छायाचित्रकाराच्या बायकोने डागावर बोट ठेवले. “हे तुम्ही. आणि ही टाकी.”

बंधूंनी डाग नीट न्याहाळला. मग त्यांनी आवाज न चढवता विचारले, “हे असं होणार हे तुला आधीच ठाऊक होतं?”

छायाचित्रकाराला वाटले, की कला म्हणजे काय हे समजावून सांगावे. तोंड उघडलेही. पण समोर रंगविक्रेता नव्हता. त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

तेव्हा बंधूंनी हुकूम सोडला, की सर्व काही स्पष्ट दिसेल असा फोटो पुन्हा काढावा. लेन्सचा पडदा आवळला की तसे होते, हे छायाचित्रकाराला ठाऊक होतेच. तसा फोटो निघाला असता, तर त्यात बंधू आले असते, टाकी आली असती, टाकीवरचे शेवाळ, दोरीवरची वाळत घातलेली पायजम्याची जोडी आणि शेजारच्या गच्चीवरची मोडकी खाट हेही सारे त्या बारा डॉक्टरांच्या शेजारी लटकले असते. वहिनीही आल्या असत्या. त्या सर्वांमध्ये कुठेतरी.

छायाचित्रकार मुकाट्याने घोडी उचलू लागला. वचन मोडणे आणि भाऊ मोडणे यांतील सोपे ते त्याने निवडले होते. तेवढ्यात वहिनी उठल्या.

“अहो, तुम्ही त्या भिंतीवर येणार नाही,” त्या म्हणाल्या. आवाज तोच होता, ज्या आवाजात त्या वॉर्डात भेटीची वेळ संपल्याचे सांगत. “तिथे मी काम केलंय. तुम्ही नाही केलं.”

“मी काय नको म्हणतोय? मी आपला मागे.”

“मागे नको. मागे असलात की माझं लक्ष तिकडे. समोर या.”

“समोर म्हणजे?”

“भावोजींच्या बाजूला. कॅमेऱ्यापाशी. मला तुम्ही दिसाल आणि तुमचे गुडघेही.”

थोरल्या बंधूंना आयुष्यात प्रथमच चौकटीच्या पलीकडची जागा देण्यात येत होती. ती मानाची आहे की अपमानाची, याचा निर्णय त्यांना होईना. छायाचित्रकाराला मात्र अक्कल सुचली, आणि या गोष्टीत ती त्याला एकदाच सुचली. कार्यालयात वाढलेल्या माणसाला काम दिले, की तो पदाची चौकशी करीत नाही. त्याने थर्मोकोलचा मोठा पांढरा तक्ता बंधूंच्या हाती दिला, बसावयास स्टूल दिले आणि सांगितले, की ढगाळ हवेत चेहऱ्यावरचा सगळा उजेड या तक्त्यावर अवलंबून आहे. हे निम्मे खरे होते.

बंधू पुन्हा वर गेले. त्यांना वहिनींसमोर पाच पावलांवर, लेन्सच्या रेषेला अगदी चिकटून, पण नेमाच्या बाहेर बसवले. तक्ता त्यांनी असा धरला, जसा एखादा अत्यंत गोपनीय दस्तऐवज धरावा. आता निरोप्याची गरज नव्हती. बायको कठड्याला टेकून गंमत पाहू लागली.

“हात थरथरतोय तुमचा,” वहिनी समोरून म्हणाल्या.

“उजेड धरलाय. गप्प उभी राहा.”

वहिनींच्या कपाळावर आठी उमटली, मग ती सुटली आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आले. सकाळपासून ज्या चेहऱ्याकडे त्या मागे वळून पाहत होत्या, तो आता सरळ समोर होता, त्यामुळे मान वळवण्याचे कारण उरले नव्हते. छायाचित्रकाराने जवळच्या डोळ्यावर नेम धरला आणि बटण दाबले. तिसराच फोटो साधला. डोळे असे आले होते, की त्यांच्यापुढे आपण दोन वेळचे औषध चुकवले आहे हे कोणत्याही रोग्याने आपण होऊन कबूल केले असते. मागे काहीही नव्हते, नुसता मऊ करडा उजेड होता.

संध्याकाळी छायाचित्रकार फोटोवर शेवटचा हात फिरवू लागला. चेहरा मोठा करून पाहताना वहिनींच्या बुबुळात एक पांढरा चौकोन चमकताना दिसला. तो तक्ता होता. तक्त्यामागे तिळाएवढा काळसर आकार होता. आणखी मोठे केले, तेव्हा त्याला डोके दिसले, आणि डोक्याखाली कोटाचे खांदे. साऱ्या पडद्यावर वहिनींच्या डोळ्याइतके स्पष्ट दुसरे काही नव्हते, आणि नेमक्या त्याच जागी थोरले बंधू विराजमान झाले होते. धंद्यात असले प्रतिबिंब पुसून टाकण्याची रीत आहे, त्याला दोन मिनिटे लागतात.

वचन एकटीचे होते. म्हणून त्याने वहिनींना बोलावून घेतले आणि दाखवले.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. “भिंतीवर लावल्यावर हे दिसेल का कुणाला?”

“भिंग लावलं तरी कठीण आहे.”

“मग राहू देत,” त्या म्हणाल्या. “एवढे चालतात.”

फोटो सोमवारी दुपारच्या आत पोहोचला आणि महिनाअखेरीस भिंतीवर लागला. थोरले बंधू समारंभाला गेले होते. तसबिरीत जो उजेड आहे तो आपण धरलेला आहे, असे त्यांनी बाराही तसबिरींसमोर, भेटेल त्या माणसाला, सांगितले. डोळ्यातली गोष्ट मात्र त्यांना कोणी सांगितली नाही. सांगितली असती, तर त्यांनी तो एकच डोळा भिंतीएवढा मोठा करून मागितला असता.